गंधाचें आमिष

अरण्यांतील प्राण्याला एका ठराविक जागीं बोलावून आणावयाचें तर तीन मार्ग आहेत. त्याला कांहीं दाखवावें, कांहीं ऐकवावें, किंवा कशाचा तरी वास द्यावा. पहिल्या दोन मार्गांची मजल फार नसते. झाडी दाट असली म्हणजे दहा हातांपलीकडचें दिसत नाहीं, आणि आवाज थांबला कीं मागें कांहीं उरत नाहीं. गंधाची गोष्ट निराळी आहे. तो वाऱ्यावर बसून ओढेनाले ओलांडतो, अंधारांतहि चालत राहतो, आणि ज्यानें तो ठेवला तो मनुष्य घरीं जाऊन झोपला तरी आपलें काम करीत राहतो. म्हणून शिकारीच्या विद्येंत गंधाच्या आमिषाला मोठें स्थान आहे. नाशिकसारख्या शहरांतील सुशिक्षित घराला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु गोदाकांठच्या उंसांतील बिबट्या आणि शहराच्या कडेचा उकिरडा यांना जोडणारा धागा हाच आहे, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या विद्येचें सर्वांत पद्धतशीर रूप उत्तर अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथें काळ्या अस्वलाची शिकार पुष्कळ ठिकाणीं आमिष ठेवून केली जाते. जंगलांत एक पिंप झाडाला साखळीनें बांधून ठेवतात आणि त्यांत शिळे पाव, गोड वडे, काकवीसारखा पाक, मांसाचे तुकडे असें खाद्य भरतात. मात्र खाद्य हें अस्वल आल्यानंतर त्याला थोपवून धरण्यासाठीं असतें. त्याला दुरून बोलावण्याचें काम वासाचें. त्यासाठीं बडीशेपेसारख्या वासाचें अॅनिसचें तेल, मध, तळणाचें जुनें तेल किंवा बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या ग्रंथींतील उग्र द्रव्य वापरतात. वासाचें फडकें उंच फांदीला टांगतात, म्हणजे वारा तो वास दूरवर नेतो. तळणाचें तेल पिंपाभोंवतीं जमिनीवर ओततात. यांतील युक्ति अशी कीं, खाऊन परत जाणाऱ्या अस्वलाच्या पंजांना तें तेल लागतें, त्याच्या पावलांबरोबर रानांत पसरतें, आणि दुसरें अस्वल त्याच वाटेनें उलट माग काढीत पिंपापाशीं येतें. म्हणजे पहिलें अस्वल नकळत दुसऱ्याचें निमंत्रण घेऊन जातें. शिकारी वाऱ्याच्या खालच्या अंगास झाडावर मचाण बांधून बसतो. कारण जें नाक आमिषाचा वास घेतें, तेंच मनुष्याचाहि घेतें.

या प्रकारावर तेथील जनतेचें एकमत नाहीं. पुरस्कर्ते म्हणतात कीं, अस्वल जवळ येऊन स्थिर उभें राहिलें म्हणजे तें नर आहे कीं पिलांची आई आहे, हें पाहूनच गोळी झाडतां येते. विरोधकांचें म्हणणें असें कीं, जेवावयास बोलावून मारणें ही शिकार नव्हे. शिवाय मनुष्याच्या अन्नाची चटक लागलेलें अस्वल पुढें मनुष्याच्या दारीं येतें. कोलोराडो संस्थानांतील मतदारांनीं १९९२ सालीं मतदान करून ही पद्धत बंद केली. मेन संस्थानांतील मतदारांनीं मात्र २००४ आणि २०१४ अशा दोन वेळां तसा प्रस्ताव फेटाळला. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट एकच: वासानें अस्वल येतें, आणि एकदां आलेलें अस्वल ती जागा विसरत नाहीं.

भारतांतील अस्वलाची प्रकृति निराळी आहे. महाराष्ट्रांत मेळघाट, ताडोबा, गडचिरोली आणि बुलढाण्याचें ज्ञानगंगा अभयारण्य या भागांत आढळणारें काळें, केसाळ अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळें यांवर जगतें. त्याच्या शरीराची घडणच या भोजनाला अनुसरून झालेली आहे. वरच्या जबड्यांतील पुढचे दोन दांत त्याला नसतात, त्यामुळें तेथें एक फट राहते. ओठ लांब व लवचिक असतात. आणि नाकपुड्या त्याला इच्छेनुसार मिटतां येतात. वारुळ नखांनीं उकरावें, फुंकर घालून माती उडवावी, आणि मग वाळवी नळीसारखी ओढून घ्यावी, असा त्याचा क्रम असतो. डोळे व कान त्या मानानें मंद. सारा कारभार नाकावर. जमिनीखालची वाळवीसुद्धां तें वासानें शोधून काढतें.

या अस्वलासाठीं निसर्गानेंच एक आमिष मांडून ठेवलें आहे, तें म्हणजे मोहाचें फूल. मार्च-एप्रिलच्या दिवसांत हीं रसाळ, साखरेनें भरलेलीं फुलें रात्रीं व पहाटे गळूं लागतात आणि त्यांचा मादक वास साऱ्या रानांत भरून राहतो. त्या वासानें अस्वल झाडाखालीं येतें, आणि त्याच वेळीं मोह वेंचण्यासाठीं गरीब आदिवासी कुटुंबें टोपल्या घेऊन येतात. वांकून फुलें वेंचणारी स्त्री आणि मान खालीं घालून फुलें खाणारें अस्वल यांना एकमेकांची चाहूल लागते ती अगदीं जवळ आल्यावर. अस्वल दचकलें कीं पळण्याऐवजीं अंगावर येतें आणि त्याचा पंजा बहुधा चेहऱ्यावर व डोक्यावर पडतो. येथें कोणी कोणाची शिकार करीत नसतें. एकाच वासानें दोघांना एका जागीं आणलेलें असतें, इतकेंच. पुरेसें उजाडल्यावर जावें, एकट्यानें जाऊं नये, आणि मोठ्यानें बोलत जावें, हा जाणत्यांचा सल्ला याच कारणासाठीं आहे. मनुष्याचा आवाज लांबून ऐकूं आला म्हणजे अस्वलाला निघून जावयास सवड मिळते.

आमिषाचा हेतु नेहमींच मारण्याचा असतो असें मात्र नाहीं. कर्नाटकांत हंपीजवळ दरोजी येथें १९९४ सालीं खास अस्वलांसाठीं अभयारण्य स्थापन झालें. तेथें खडकांना गुळामधाचा गोड लेप लावून ठेवण्याची रीत पडली. त्या वासानें अस्वलें संध्याकाळीं कपारींतून उतरून खडक चाटीत बसत आणि समोरच्या मनोऱ्यावरून प्रेक्षक त्यांना निवांत पाहात. बंदुकीच्या जागीं दुर्बीण आली, हें इष्टच झालें. तरीहि गंधाचा नियम तोच राहिला. जनावर आपल्या गरजेनें फिरण्याऐवजीं मनुष्यानें ठरविलेल्या जागीं व मनुष्यानें ठरविलेल्या वेळीं येऊं लागतें.

अस्वलाकडून वाघ-बिबट्यांकडे वळलें कीं गंधाचा अर्थ बदलतो. मांजराच्या कुळांतील हे मोठे प्राणी शिकार करतात ती प्रामुख्यानें डोळ्यांनीं आणि कानांनीं. वास हा त्यांचा पत्रव्यवहार आहे. वाघ झाडाच्या बुंध्यावर जो फवारा मारतो त्यांत तो कोण, नर कीं मादी, केव्हां येऊन गेला, असा मजकूर असतो, आणि दुसरा वाघ ओठ वर मुरडून, तोंड किंचित् उघडून तो वाचतो. कलकत्त्याचे जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनीं या गंधाचा अनेक वर्षें अभ्यास केला. या फवाऱ्यांत त्यांना जें एक सुगंधी द्रव्य सांपडलें, तें बासमती तांदुळाला सुवास देणारेंच द्रव्य निघालें. मराठी घरांत आंबेमोहोराचा भात शिजतांना जो दरवळ सुटतो, त्याच्याहि मुळाशीं हेंच द्रव्य आहे. स्वयंपाकघरांतील आणि अरण्यांतील गंध एकमेकांचे इतके जवळचे नातलग असतात, याची पुष्कळांना कल्पना नसते.

अशीच एक अनपेक्षित जवळीक अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांत उघडकीस आली. तेथें २००३ सालीं दोन चित्त्यांपुढें चोवीस प्रकारचीं अत्तरें ठेवून पाहिलीं. कांहीं अत्तरांकडे त्यांनीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. परंतु कॅल्विन क्लाइन या कंपनीच्या ‘ऑब्सेशन’ या पुरुषांच्या अत्तरापाशीं ते सरासरी अकरा मिनिटांहून अधिक वेळ रेंगाळले. हुंगूं लागले, गाल घासूं लागले. या अत्तरांत जवादी मांजराच्या ग्रंथींतील द्रव्याचें कृत्रिम प्रतिरूप आहे. जवादीचा उपयोग सुगंधासाठीं करण्याची भारतीय अत्तारांची रीत जुनीच आहे. पुढें ग्वाटेमालाच्या जंगलांत जॅग्वारांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं हें अत्तर कॅमेऱ्यांसमोर शिंपडण्यांत येऊं लागलें. छायाचित्रासाठीं जनावर दुरून यावयास नको असतें. वाटेनें जाणारें जनावर क्षणभर थबकलें म्हणजे पुरे. अत्तर तें काम करतें.

तेंच अत्तर २०१८ सालीं महाराष्ट्रांत आलें, तें एका दुःखद प्रसंगीं. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा-राळेगांव भागांत २०१६ पासून तेरा माणसें वाघाच्या हल्ल्यांत मेलीं, आणि त्यांतील बहुतेकांचा ठपका टी-१ अथवा ‘अवनी’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या वाघिणीवर आला. तिला शक्य तों बेशुद्ध करून पकडावें, तें न साधल्यास ठार करावें, असा हुकूम निघाला, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांत हस्तक्षेप केला नाहीं. हत्ती, कुत्रे, आकाशांतून टेहळणी करणारीं यंत्रें, झाडाझाडांवर कॅमेरे असा मोठा सरंजाम उभा राहिला. शेतांत जावयास गांवकरी भीत होते, कापसाचीं कामें अडलीं होतीं, आणि वाघीण दोन पिलांसह झुडपी रानांत हुलकावण्या देत होती. अखेर त्या भागांत दुसऱ्या वाघिणीचें मूत्र आणि हें अत्तर शिंपडण्यांत आलें, असें त्या वेळीं वन-अधिकाऱ्यांकडून प्रसिद्ध झालें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं वाघीण गोळीला बळी पडली. तिला जिवंत पकडण्याचा पुरेसा प्रयत्न झाला कीं नाहीं, यावर पुढें चौकशा झाल्या, वादंग माजलें. तिच्या पिलांपैकीं मादी पिलू त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पकडून पेंचला नेण्यांत आलें.

या प्रकरणांतील न्यायान्यायाचा काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. येथें प्रस्तुत आहे तो निराळा मुद्दा. तेरा कुटुंबांतील माणसें गेलीं तीं वाघ कोणत्या रात्रीं कोठें आला यामुळें नव्हे, तर रान आणि शेत यांच्यामधली सीमाच उरली नव्हती यामुळें. अत्तरानें फार तर एका वाघिणीला एका जागीं थबकवितां येतें; ती सीमा कांहीं अत्तरानें पुन्हां आंखली जात नाहीं.

आतां नाशिकविषयीं. गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांच्या कांठीं कालव्यांचें पाणी आलें, त्याबरोबर ऊंस आला. वर्षभर उभें असणारें, माणसाहून उंच, आंत थंडगार सांवली आणि जवळ पाणी असलेलें हें पीक बिबट्याच्या दृष्टीनें जंगलाहून वेगळें नाहीं. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उंसांतच जन्मल्या आणि उंसांतच वाढल्या. नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळीला २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर-स्थळ हा बहुमान मिळाला. तिच्याहि आसपास उंसाचे मळे आहेत. गांवांत एखादें वांसरूं गेलें किंवा, त्याहून भयंकर म्हणजे, एखादें मूल गेलें, कीं पहिली मागणी होते ती पिंजऱ्याची.

हा पिंजरा म्हणजे नाशिकचें आमिष. लोखंडी गजांच्या पेटीचे दोन कप्पे असतात. मागल्या बंद कप्प्यांत शेळी, कोंबड्या किंवा कुत्रें ठेवतात; पुढल्या कप्प्यांत बिबट्यानें पाऊल टाकून फळी दाबली कीं वरचें दार खालीं पडतें. शेळीच्या अंगाचा वास जवळच्या जवळ उपयोगी पडतो. दुरून बोलावतें तें मुख्यतः तिचें ओरडणें. म्हणून रात्रीं एकटी पडलेली, कळपापासून तोडलेली शेळी पिंजऱ्यांत ठेवतात. पिंजऱ्याभोंवतीं बघ्यांची गर्दी जमली, मनुष्याचा वास आणि कोलाहल वाढला, कीं बिबट्या चार दिवस त्या बाजूला फिरकत नाहीं. आणि पिंजरा ‘उपयोगाचा नाहीं’ अशी ओरड करणारे बहुधा तेच बघे असतात.

परंतु पिंजऱ्यांत सांपडला तो हल्ला करणाराच बिबट्या होता कशावरून? शेळीची हांक सर्वांनाच सारखी ऐकूं जाते. जो भुकेला, जो तरुण व अननुभवी, जो त्या वाटेनें चालला होता, तो आंत जातो. सांपडलेल्याला दूर नेऊन सोडावें तर काय होतें, याचा धडा जुन्नरनें दिला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें कीं, जुन्नर वनविभागांत १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. बिबटे पकडून जवळच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा उपक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली, आणि हल्ल्यांतील प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाण दुप्पट झालें. घराच्या ओढीनें परत निघालेलें, वाट न समजणारें, माणसांच्या हातून त्रासलेलें जनावर अधिक धोक्याचें ठरतें, हा या आंकड्यांचा सरळ अर्थ. शिवाय मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाहीं. शेजारचा दुसरा बिबट्या तेथें येतो.

तो कां येतो, याचें उत्तर नाशिकच्या शेजारींच, अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत मिळालें. तेथील शेतीच्या मुलुखांत दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे वावरतात, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. त्यांच्या विष्ठेवरून भक्ष्याचा हिशेब काढला, तेव्हां वजनाच्या मानानें सत्त्याऐंशी टक्के भक्ष्य पाळीव अथवा गांवाच्या आश्रयानें राहणाऱ्या जनावरांचें निघालें, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा एकोणचाळीस टक्के होता. शेळ्या रात्रीं गोठ्यांत बंद असतात; कुत्रा मोकळा असतो. आणि कुत्रा तेथेंच राहतो, जेथें त्याला खावयास मिळतें.

येथें वासाची सांखळी पूर्ण होते. मांसाच्या दुकानांतील टाकाऊ भाग रस्त्याकडेला फेंकला जातो. कोंबड्यांच्या पाळणाघरांतील मेलेल्या कोंबड्या ओढ्यांत टाकल्या जातात. लग्नकार्यांतील उष्टें मैदानाच्या कोपऱ्यांत सांचतें. त्या वासानें कुत्रीं आणि डुकरें जमतात, आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो. वनखात्याचा पिंजरा आठ-पंधरा दिवस एका जागीं असतो. हें आमिष मात्र बारा महिने, रोज ताजें आणि कोणीहि न मागतां भरलेलें असतें. अमेरिकेंतील शिकारी पिंप भरतो तेव्हां आपण काय करीत आहों हें त्याला ठाऊक असतें. शहराच्या सीमेवर उकिरडा करणाऱ्याला तें ठाऊक नसतें, एवढाच काय तो फरक. २०१९ च्या जानेवारींत नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील सावरकरनगरांत भर सकाळीं बिबट्या शिरला. त्याला पाहावयास लोटलेल्या गर्दींत तो बिथरला, कांहीं माणसें जखमी झालीं, आणि अखेर त्याला बेशुद्ध करून पकडावें लागलें. असा बिबट्या दिसतो तेव्हां बातमी होते. ज्या शेंकडों रात्रीं तो कोणाला न दिसतां उकिरड्यावरून फिरून जातो, त्यांची बातमी होत नाहीं.

कायद्याची दृष्टि या बाबतींत लक्षांत घेण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत मारणें, विष घालणें, सांपळा लावणें यांच्या जोडीला आमिष दाखविणें हेंहि शिकारच मानलें आहे. अस्वल आणि बिबट्या हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचींतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचे. तेव्हां संतापलेल्या शेतकऱ्यानें मेलेल्या वांसरांत विष घालून ठेवणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय तें विष त्याच्या स्वतःच्या कुत्र्याला आणि गिधाडांनाहि सोडीत नाहीं. पिंजरा लावण्याचा अधिकार वनखात्याचा, तोहि वरिष्ठांच्या परवानगीनें.

नाशिकच्याच शिवारांत आमिषाचें एक सौम्य रूपहि पाहावयास मिळतें. ऊंसतोडणीच्या दिवसांत सरींमध्यें बिबट्याचीं डोळे न उघडलेलीं पिलें सांपडतात. पूर्वीं तीं उचलून शहरांत नेत, आणि पिलें गमावलेली मादी रात्रभर शिवारांत फिरत राही. अलीकडे वनखात्याचे लोक पिलें तपासून संध्याकाळीं त्याच जागीं एका उघड्या पेटींत ठेवतात, गर्दी हटवितात आणि दूर बसून कॅमेऱ्यांतून पाहतात. अंधार पडल्यावर आई येते, हुंगून ओळख पटविते, आणि एकेक पिलू तोंडांत धरून निघून जाते. गंध तोच, बोलावणेंहि तेंच. परंतु येथें दार पडत नाहीं.

सुशिक्षित नागरिकाच्या हातीं जें आहे तें यावरून सहज सुचतें. मांसाचा व उष्ट्याचा कचरा उघड्यावर पडूं न देणें, पडत असेल तर नगरपालिकेकडे त्याची तक्रार नेटानें लावून धरणें, पाळलेला कुत्रा रात्रीं बंदिस्त ठेवणें, मळ्यांतील वस्तीवर असल्यास गोठ्याला भक्कम दार आणि अंगणांत दिवा ठेवणें, तिन्हीसांजेनंतर मुलांना उंसाच्या कडेला एकटें न पाठविणें, आणि बिबट्या दिसल्यास त्याच्यामागें न धांवतां वनखात्याला कळविणें. यांतील एकहि गोष्ट पराक्रमाची नाहीं, आणि एकहि अशक्य नाहीं. मळ्यांत राबणाऱ्या मजुराचें मूल आणि शहरांतील घराचा केराचा डबा यांच्यामधलें अंतर नकाशावर पुष्कळ मैलांचें दिसतें. वाऱ्याला आणि जनावराच्या नाकाला तें तितकेंसें वाटत नाहीं.